समुद्रतळाची कसोटी आणि खणातली वही

बेंगळूरुमधून समुद्र दिसत नाही. जवळचा किनारा सुमारे तीनशे किलोमीटरांवर आणि शहर स्वतः समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर वसलेले. येथे पाण्याची चर्चा होते ती कावेरीच्या वाट्याची, टँकरच्या दराची आणि आटलेल्या कूपनलिकांची. तरीही खोल समुद्रात माणूस उतरवण्याच्या भारताच्या प्रयत्नातील एक अतिशय अवघड काम याच शहरात झाले. जुलै २०२५ मध्ये ‘इस्रो’ने जाहीर केले की, ‘मत्स्य ६०००’ या पाणबुड्या वाहनाच्या गोलाकार कवचासाठी टायटॅनियम मिश्रधातूचा ८० मिलिमीटर जाडीचा, सात मीटरांहून थोडा अधिक लांबीचा पूर्ण आकाराचा सांधा आपल्या बेंगळूरु येथील केंद्रात इलेक्ट्रॉन झोताच्या साहाय्याने जोडण्यात यश आले आहे. त्याआधी सातशेहून अधिक चाचणी-सांधे जोडून आणि तपासून झाले होते. यंत्राची क्षमता १५ किलोवॅटवरून ४० किलोवॅटपर्यंत वाढवावी लागली होती. प्रत्यक्ष सांध्याला वेळ लागला ३२ मिनिटांचा.

या कामात एक गंमत आहे आणि ती अभियंत्यांच्या लक्षात आल्याशिवाय राहिली नसेल. इलेक्ट्रॉन झोताचे जोडकाम निर्वात कक्षात करावे लागते. हवेत तो झोत विखरून जातो. म्हणजे सहाशे वातावरणांचा दाब सोसण्यासाठी घडवलेले कवच जोडायचे ते मात्र शून्य दाबात. बेंगळूरुला निर्वाताची विद्या चांगली अवगत आहे. गेल्या पाच दशकांत या शहरात उपग्रह बांधले गेले, निर्वात कक्षांत तापवले आणि गोठवले गेले आणि मग श्रीहरिकोटाकडे रवाना झाले. तीच विद्या आता उलट दिशेच्या प्रवासाला उपयोगी पडली, याचा एक बेंगळूरुकर म्हणून मला आनंद आहे.

आनंद आहे, पण त्या बातमीनंतरच्या आठवड्यात मी जी भाषणे ऐकली आणि जे अग्रलेख वाचले, त्यांतून असा समज होत होता की कवच जुळले म्हणजे समुद्र जिंकला. अवकाश जिंकलेल्या देशाला समुद्र काय अवघड, असाही एक सूर होता. या समजुतीविषयी मला काही सांगायचे आहे, आणि त्यासाठी प्रथम एका कूपनलिकेची हकिगत सांगणे भाग आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या उपकरण-कारखान्यात नोकरीला होतो. भूजलाची पातळी सतत नोंदवणारे एक उपकरण आम्ही बनवले होते. स्टेनलेस स्टीलची हातभर लांबीची नळी, आत दाबमापक आणि विद्युत-मंडल, वर रबरी ओ-रिंग घालून घट्ट बसवलेले झाकण. कोलार जिल्ह्यातल्या एका कूपनलिकेत ते सोडायचे होते. त्या भागात तेव्हाही कूपनलिका शेकडो फूट खोल जात असत. आमचे उपकरण सव्वाशे मीटर पाण्याखाली लोंबकळणार होते, म्हणजे त्यावर साधारण साडेबारा वातावरणांचा दाब. कारखान्यातल्या चाचणीत ते उत्तम चालले होते. कूपनलिकेत सोडल्यावर मात्र चाळीस मिनिटांत आकडे वेडेवाकडे येऊ लागले आणि तासाभरात ते मुके झाले. वर काढून उघडले तेव्हा आत पाणी होते. झाकणाच्या खाचेत, ओ-रिंगखाली, एक केस अडकलेला होता. बहुधा माझाच, कारण झाकण मीच बसवले होते.

तेथे पंप बसवणारा एक मिस्त्री हे सगळे शांतपणे पाहत होता. त्याने कन्नडमध्ये विचारले, “सर, तुम्ही या डब्यात हवा कशाला कोंडून ठेवली? आम्ही मोटार सोडतो तेव्हा आधी तिच्यात पाणी भरतो.”

महाराष्ट्रातल्या कोणत्याही शेतकऱ्याला त्या मिस्त्रीचे म्हणणे समजावून सांगावे लागणार नाही. पाण्याने भरलेली सबमर्सिबल मोटार विहिरीत सोडण्यापूर्वी तिच्यात स्वच्छ पाणी काठोकाठ भरले जाते, हवेचे बुडबुडे निघून जाऊ दिले जातात, मगच ती खाली जाते. तिच्या तांब्याच्या तारांवर जलरोधक प्लॅस्टिकचे वेष्टन असते आणि तळाशी एक लवचीक रबरी पडदा असतो. बाहेरचा दाब वाढला की तो पडदा आत दबतो आणि आतल्या पाण्याचा दाबही तेवढाच वाढतो. आत-बाहेर दाब सारखा. मग फुटायचे काय आणि चेपायचे काय? आमच्या कारखान्यातल्या चार पदवीधरांनी पाण्याशी झुंज घ्यायचे ठरवले होते. मिस्त्रीच्या मोटारीने पाण्याशी केव्हाच तह करून टाकला होता.

खोल समुद्रात टिकणारी विद्युत-उपकरणे बनवण्याचे शास्त्र मुळात या दोनच वाटांचे आहे. एक तर भिंत इतकी मजबूत बांधायची की आतल्या वस्तूला बाहेरचा दाब कळूच नये; किंवा भिंत काढून टाकायची आणि प्रत्येक वस्तूला दाबाची सवय करायची. पहिल्या वाटेला पैसा लागतो आणि धातू लागतो. दुसरीला काय लागते, हे मला नंतरच्या काही वर्षांत समुद्र-संशोधनासाठी उपकरणे बनवताना हळूहळू कळले.

आधी पहिली वाट. समुद्रात दर दहा मीटरला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. सहा हजार मीटरांवर तो सहाशेपट होतो, म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेवर एका पोसलेल्या म्हशीचे वजन. ‘मत्स्य ६०००’च्या गोलाचा बाहेरचा व्यास २.२६ मीटर. त्याच्या पृष्ठभागाचा हिशेब केला तर सगळ्या बाजूंनी मिळून येणारा भार सुमारे ९५ हजार टनांचा होतो. दोन ‘विक्रांत’ विमानवाहू नौकांच्या वजनाहूनही अधिक. तुलनेने अवकाशात जाणाऱ्या यानाला आत-बाहेर फरक सोसायचा असतो तो केवळ एका वातावरणाचा. अवकाशाच्या अडचणी वेगळ्या आहेत, प्रारण आहे, तापमानाचे हेलकावे आहेत; पण दाबाच्या बाबतीत चंद्रापेक्षा हिंदी महासागराचा तळ कितीतरी कठोर आहे. आणखी एका बाबतीतही तो चंद्रापेक्षा दूर आहे. रेडिओ लहरी समुद्राच्या पाण्यात शिरताच विरतात, म्हणून तेथे ध्वनीवरच विसंबावे लागते आणि ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. सहा हजार मीटर खोल बसलेल्या माणसाला जहाजावरून प्रश्न विचारला, तर उत्तर यायला किमान आठ सेकंद लागतात. चंद्रावरून ते तीन सेकंदांच्या आत येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली बंदरात ‘मत्स्य’च्या पाण्यातल्या चाचण्या पूर्ण झाल्या. बंदराच्या उथळ पाण्यात ध्वनीद्वारे होणारा हा संवादच समाधानकारक चालला नव्हता.

गोलाच्या आत तीन माणसे बसतील आणि त्यांच्या समोरचे पडदे, संगणक, प्राणवायूचे नियंत्रण हे सारे आपल्या खोलीतल्याच दाबात चालेल. प्रश्न आहे तो गोलाच्या बाहेरचा. वाहन ढकलणाऱ्या मोटारी, दिवे, कॅमेरे, ध्वनियंत्रे, वजन टाकून देण्याची यंत्रणा, बॅटऱ्या हे सर्व बाहेर, उघड्या समुद्रात असते. त्या प्रत्येकाला आतल्या माणसाशी जोडणारी तार कवचातून पार जाते. जेथे ती पार जाते तेथे ८० मिलिमीटर टायटॅनियमला भोक पाडावे लागते. त्या भोकातली खुंटी आणि तिच्या टोकाचा कनेक्टर हे दोन्ही त्या कवचाइतकेच भरवशाचे हवेत. पण त्यांची छायाचित्रे कोणी छापत नाही.

आता दुसरी वाट. सिलिकॉनची चकती ही घन वस्तू आहे. तिला सर्व बाजूंनी सारखे दाबले तर तिचे फारसे काही बिघडत नाही. संगणकातल्या बहुतेक चिप प्लॅस्टिकमध्ये घट्ट ओतलेल्या असतात. त्यांना तेलात बुडवून सहाशे वातावरणे दाब दिला तरी बऱ्याच जणी निमूटपणे काम करत राहतात. चेपते ती पोकळी. घड्याळाचा ठोका देणारा क्वार्ट्झचा स्फटिक एका चिमुकल्या धातूच्या डबीत निर्वातात टांगलेला असतो. ती डबी चेपली की सगळ्या मंडलाचे हृदय थांबते. अॅल्युमिनियमच्या डब्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुपारीसारखे पिचकतात. रिलेच्या आत हवा असते. जुन्या धातूच्या टोपीतले ट्रान्झिस्टर, काही जातींचे सेन्सर, पोकळ सिरॅमिक खोक्यांत बसवलेल्या महागड्या चिप, सगळ्यांची हीच कथा. यात एक उपरोध आहे. लष्करी आणि अवकाशीय दर्जाचे म्हणून जे भाग अधिक किमतीला मिळतात, ते बहुधा अशा पोकळ, हवाबंद खोक्यांतच असतात. तेलातल्या परीक्षेत बाजारातली स्वस्त प्लॅस्टिकची चिप पुष्कळदा त्यांच्यापेक्षा सरस ठरते.

तेव्हा युक्ती अशी : पोकळीचे भाग शोधून काढायचे, त्यांच्या जागी भरीव भाग घालायचे, उरलेले मंडल तेलाने भरलेल्या पेटीत ठेवायचे किंवा सिलिकॉन रबरात ओतून टाकायचे आणि पेटीला रबरी फुगा लावायचा. मिस्त्रीच्या मोटारीसारखेच. ऐकायला सोपे आहे. पण सहाशे वातावरणांना तेलही तीन-चार टक्के आकसते, म्हणून फुग्यात तेवढा साठा हवा. तेल सूक्ष्म फटींतून भागांच्या आत झिरपते. वर येताना ते तेवढ्या वेगाने बाहेर पडू शकले नाही, तर खाली शाबूत राहिलेला भाग वर येऊन फुटतो. तळावर पाणी दोन-तीन अंशांचे असते, तेल दाट होते, मोटार जड चालते. आणि एखादी तार तुटली तर तेलात माखलेल्या मंडलाला डाग देताना तंत्रज्ञ जे बोलतो, ते या स्तंभात छापण्याजोगे नसते.

सगळ्यांत मोठी अडचण वेगळीच आहे. एखाद्या भागाचा निर्माता त्याच्या माहितीपत्रकात तापमान सांगतो, विद्युतदाब सांगतो, आयुष्य सांगतो; पाण्याचा दाब तो किती सोसेल हे सांगत नाही, कारण त्याचे निन्याण्णव टक्क्यांहून अधिक ग्राहक कोरड्या जमिनीवर आहेत. म्हणून प्रत्येक भाग आपण स्वतः दाबकक्षात घालून पाहावा लागतो. एवढ्याने भागत नाही. निर्मात्याने आतली रचना गुपचूप बदलली, कारखाना एका देशातून दुसऱ्या देशात नेला, की क्रमांक तोच राहतो आणि भाग वेगळा होतो. मग नव्या गठ्ठ्याची चाचणी पुन्हा पहिल्यापासून.

माझ्याकडे अशी एक वही होती. डावीकडे भागाचा क्रमांक, मग गठ्ठ्याची खूण, मग दाब, आणि शेवटच्या रकान्यात एक-दोन शब्द : ‘ठीक’, ‘चेपला’, ‘वर आल्यावर फुटला’, ‘चालतो पण घड्याळ पुढे जाते’. सात-आठ वर्षांत तिची नव्वद पाने भरली. मी नोकरी सोडली तेव्हा ती वही माझ्याबरोबर घरी आली, कारण ती कोणी मागितलीच नाही. पुढे मला कळले की या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या खणात अशी एक वही असते आणि प्रत्येक जण त्याच स्फटिकाची तीच डबी स्वतःच्या खर्चाने नव्याने चेपून पाहत असतो.

धोरणाच्या दृष्टीने मला महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा येथे आहे. खोल समुद्राचे तंत्रज्ञान म्हणजे टायटॅनियमचा गोल, ही समजूत अपुरी आहे. त्याचा मोठा भाग म्हणजे काय टिकले आणि काय टिकले नाही याची लांबलचक, कंटाळवाणी, सतत जुनी होत जाणारी नोंद. ज्या देशांनी ही नोंद सांभाळली ते पुढे गेले. अटलांटिक महासागरातून टेलिफोनची पहिली तार १९५६ मध्ये टाकली गेली. समुद्रतळावर तिचे ध्वनिवर्धक होते आणि त्यांत तीनशेहून अधिक काचेचे व्हॉल्व्ह होते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने त्या व्हॉल्व्हची रचना नवीनतेचा मोह टाळून, वर्षानुवर्षे तपासलेल्या जुन्या नमुन्यावरच ठेवली होती. १९७८ मध्ये ती तार निवृत्त झाली तोवर त्यांतला एकही व्हॉल्व्ह निकामी झाल्याची नोंद नाही. आज मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ज्या प्रकाशतारा येऊन मिळतात, त्यांच्यावरही दर साठ ते शंभर किलोमीटरांवर असाच एकेक वर्धक समुद्रतळावर पंचवीस वर्षांच्या हिशेबाने झोपलेला असतो. आपले बँकेचे व्यवहार आणि परदेशातल्या मुलांशी होणारे बोलणे त्याच्या पोटातून जाते. ते वर्धक बनवणाऱ्या कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि त्यांत भारतीय कंपनी नाही.

चीनचे उदाहरण अधिक ताजे आहे. माणसाला घेऊन जाणाऱ्या त्यांच्या वाहनांनी २०१२ मध्ये सात हजार मीटर आणि २०२० मध्ये मारियाना गर्तेत १०,९०९ मीटर गाठले, हे सर्वांना ठाऊक आहे. मला त्याहून जास्त महत्त्वाचा वाटला तो मार्च २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेला चिनी संशोधकांचा निबंध. त्यांनी मऊ सिलिकॉनचा एक छोटा मासा बनवला आणि त्याला मारियाना गर्तेच्या तळाशी, कोणत्याही धातूच्या कवचाविना, पंख हलवायला लावले. त्याची विद्युत-मंडले एका घट्ट पट्टीवर न बसवता त्यांनी लहान लहान तुकड्यांत विलग केली आणि मऊ रबरात विखरून ठेवली. त्यामुळे दाबाखाली भागांच्या सांध्यांवर येणारा ताण कमी झाला. खोल पाण्यात राहणाऱ्या गोगलमाशाच्या कवटीची हाडे एकमेकांना पूर्ण जुळलेली नसतात, तेथून त्यांना ही कल्पना सुचली. असे काम करायला अब्जावधी रुपये लागत नाहीत. एक दाबकक्ष लागतो, काही हुशार मुले लागतात आणि शंभर वेळा फसण्याची मुभा लागते.

भारताजवळ यांतले काय आहे? बरेच आहे, आणि ते कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरचे पहिले बहुधात्विक गोटे वर काढले. त्याच बळावर भारताला पुढे मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रावर शोधाचा हक्क मिळाला. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली. तिचे ‘रोसब ६०००’ हे मानवरहित वाहन २०१० मध्ये ५,२८९ मीटर खोल जाऊन आले. खोल समुद्र मोहिमेसाठी जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांकरिता ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले. ऑगस्ट २०२५ मध्ये राजू रमेश आणि निवृत्त नौदल अधिकारी जतिंदर पाल सिंग हे अटलांटिकमध्ये फ्रान्सच्या ‘नॉटिल’ वाहनातून अनुक्रमे ४,०२५ आणि ५,००२ मीटर खोलीपर्यंत उतरले. गोटे काढण्याच्या आर्थिक आणि पर्यावरणीय शहाणपणाविषयी मला शंका आहेत. त्या या लेखाचा विषय नव्हेत. खाण काढायची की नाही हे ठरवण्यासाठीसुद्धा तळावर काय जगते ते आधी पाहिले पाहिजे आणि त्यासाठी उपकरणे तीच लागतात.

उपकरणे लागतात त्याचे सर्वांत निकडीचे कारण तर गोटे नव्हे, त्सुनामी आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी आपल्या किनाऱ्यांवर दहा हजारांहून अधिक माणसे गेली. त्यानंतर २००७ मध्ये हैदराबादेत इशारा केंद्र उभे राहिले. भूकंपाची नोंद जगभरातून काही मिनिटांत मिळते, पण त्याने समुद्र खरोखर हलला की नाही हे सांगते ते तळावर ठेवलेले दाबमापक. हजारो मीटर पाण्याचा भार डोक्यावर घेऊन ते बसलेले असते आणि त्या भारात एका सेंटिमीटर पाण्याएवढा फरक पडला तरी त्याच्या क्वार्ट्झच्या स्फटिकाचे कंपन बदलते. मग ते ध्वनीद्वारे वरच्या तरंगत्या बोयाला कळवते आणि बोया उपग्रहाला. चेन्नईचे अभियंते ही साखळी बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात राखत असतात. हे काम किती जिकिरीचे आहे, हे कोणी विचारत नाही. बोयांची मोडतोड मासेमारी नौकांकडूनही होते, कारण बोयाभोवती मासे जमतात.

अरबी समुद्रातल्या बोयांकडे महाराष्ट्राने आणि गोव्याने अधिक लक्ष द्यायला हवे. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला. त्याची लाट मुंबईपर्यंत पोहोचली होती आणि तेथेही माणसे वाहून गेली होती. तशी लाट पुन्हा उठली तर कोकणाला सावध करणारी पहिली खबर तळावरच्या त्या डब्यातून यायची आहे. त्याच्या झाकणाखाली केस अडकलेला असून चालणार नाही.

एका डब्याच्या चुकीने पुढच्या सर्व डब्यांचे काय होते, याचा एक धडा जपानमध्ये मिळाला आहे. न्यूट्रिनो शोधणाऱ्या ‘सुपर कामिओकांदे’ वेधशाळेच्या भूमिगत टाकीत सुमारे ११ हजार मोठे काचेचे प्रकाशदर्शक बसवलेले होते. नोव्हेंबर २००१ मध्ये टाकी पुन्हा भरली जात असताना त्यांतला तळाजवळचा एक चेपून फुटला. त्याच्या धक्क्याने शेजारचा फुटला, त्याच्या धक्क्याने पुढचा, आणि काही क्षणांत सहा हजारांहून अधिक दर्शकांचा चुरा झाला. त्या टाकीतले पाणी चाळीस मीटरांपेक्षा खोल नव्हते. जून २०२३ मध्ये ‘टायटॅनिक’चे अवशेष पाहायला निघालेल्या ‘टायटन’मध्ये पाच जण मृत्युमुखी पडले. कार्बन तंतूंचे ते कवच कोणत्याही प्रमाणन संस्थेने तपासलेले नव्हते. मालकाला तपासणीचा जाच वाटत होता. आपल्या ‘मत्स्य’चे बाह्य संस्थेकडून प्रमाणीकरण होत आहे, ही म्हणूनच समाधानाची गोष्ट आहे. मोहिमेच्या मूळ मुदती टळून गेल्या याबद्दल संसदेत प्रश्न विचारले जातात. विचारावेत, पण उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यावर घाई करण्याचे दडपण येऊ नये, एवढे भान विचारणाऱ्यांनी ठेवावे.

उशीर क्षम्य आहे. पण तो कशासाठी झाला हे सांगता आले पाहिजे. माझा आग्रह तीन गोष्टींचा आहे आणि त्यांतली एकही खर्चिक नाही. अवकाश क्षेत्रात पारखून घेतलेल्या भागांची सूची असते. नवा अभियंता तिच्यातून निवडतो आणि शोधाशोधीची दोन वर्षे वाचवतो. समुद्रासाठी तशी उघडी राष्ट्रीय सूची करावी. चेन्नई, गोवा, कोची येथील सरकारी प्रयोगशाळांनी आणि बेंगळूरु-पुण्यातल्या खासगी उद्योगांनी आपापल्या वह्या तिच्यात रित्या कराव्यात. फसलेल्या चाचण्या तर आधी द्याव्यात, कारण यश कशामुळे मिळाले हे पुष्कळदा कळत नाही, पण चेपलेली डबी स्पष्ट बोलते. संरक्षणाशी संबंधित भाग वगळावे लागतील हे मान्य. कपॅसिटर चेपला ही मात्र राष्ट्रीय गुपिताची बाब नाही.

दुसरे म्हणजे, छोटे दाबकक्ष. माणसे बसतील एवढा गोल तपासणारी टाकी देशात एखादीच असणार. पण हाताच्या कोपरापर्यंत खोल, सहाशे वातावरणांचा कक्ष अभियांत्रिकी महाविद्यालयालाही परवडतो. आज बेंगळूरुतल्या एखाद्या नवोद्योगाला भाग तपासायचा तर दुसऱ्या शहरातल्या सरकारी कक्षाची तारीख मिळण्याची वाट पाहावी लागते, आणि तारीख येईतो त्याच्या पैशाची मुदत संपते.

तिसरी गोष्ट खरेदीची आहे. कमीत कमी दराची निविदा स्वीकारण्याचा नियम खुर्च्यांसाठी ठीक आहे. पाण्याखालच्या कनेक्टरच्या बाबतीत तो नियम लावला, की जो तपासणीवर कमी खर्च करतो तोच जिंकतो. असे कनेक्टर बनवणाऱ्या नामांकित कंपन्या अजूनही बहुतांश युरोप-अमेरिकेतल्या आहेत आणि १९९३ मध्ये क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान रशियाने दबावाखाली नाकारले, तो अनुभव आपण विसरलेलो नाही. वर्षाला पन्नास-शंभर नगांच्या मागणीवर कोणताही भारतीय उद्योजक कारखाना उभारणार नाही. सरकारच्या समुद्र, नौदल, तेल आणि बंदर या विभागांनी मिळून पाच वर्षांची खरेदी आधी कबूल केली, तर तो विचार तरी करील. भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ मध्ये जालहळ्ळीला उभी राहिली तेव्हा तिच्या मालाला तरी बाजारात दुसरा ग्राहक कोठे होता?

पाच वर्षांसाठी मंजूर झालेल्या मोहिमेची मूळ मुदत २०२६ पर्यंतची. पुढच्या टप्प्याच्या मागणीपत्रात वाहन असेल, जहाज असेल, तळावर तिरंगा नेण्याची तारीखही असेल. त्यात या तीन गोष्टींसाठी एक ओळ असेल का, हे मी शोधणार आहे.

गेल्या पावसाळ्यात पीण्यातल्या एका लहान कंपनीतली तरुण अभियंती माझ्याकडे आली होती. पाण्याखालचे दिवे बनवते. कोणीतरी तिला माझ्या वहीविषयी सांगितले होते. मी ती पोटमाळ्यावरून काढून दिली. तिने टेबलावर बसून एकेक पान उलटले आणि सतरा पानांची मोबाइलवर छायाचित्रे घेतली. मग म्हणाली, “सर, यातले निम्म्याहून जास्त भाग आता बनतच नाहीत.” मी म्हटले, मला ते माहीत आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने आपल्या पिशवीतून स्वतःची वही काढली आणि माझ्या वहीतल्या ‘चालतो पण घड्याळ पुढे जाते’ या नोंदीवर बोट ठेवून विचारले, “हे किती सेकंदांनी पुढे जात होते? माझेही जाते आहे.”